डबल की सिंगल : एका निवड चाचणीचा पूर्ण ताळा

हे प्रकरण एका उडीचं आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमचं गाव. तिथली तेरा वर्षांची एक मुलगी आर्टिस्टिक स्केटिंगच्या निवड चाचणीला अमरावतीला गेली. अकरा जणींत चौथी आली, आणि घेतल्या तिघी. तिसरीत आणि तिच्यात एका गुणाचाही फरक नव्हता. तिला शिकवणारा मी. चाचणीच्या चार दिवस आधी तिच्या कार्यक्रमातली एक उडी मी बदलली. का बदलली, हिशेब कसा मांडला आणि त्यात काय चुकलं, ते सगळं इथे लिहितो आहे. विदर्भात तालुक्याच्या ठिकाणी हा खेळ शिकवणारे आम्ही मोजके लोक आहोत. प्रत्येकानं हीच चूक आपापल्या पोरीवर करून शिकायची गरज नाही. मुलीचं नाव मुद्दाम घेत नाही.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग दिसतं तेच हे, फक्त चार चाकांच्या बुटांवर. उड्या त्याच आणि नावंही तीच : सॅल्को, टो लूप, फ्लिप, लुट्झ, ॲक्सेल. बर्फावरच्या ब्लेडला पुढे दाते असतात, त्या जागी आमच्या बुटाला रबरी स्टॉपर असतो. आपल्या देशाला यात यश मिळालेलंच नाही, असंही नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामानं चाकांवरच्या फ्री स्केटिंगमध्ये एकेरीत ब्राँझ मिळवलं, आणि अवनी पंचालबरोबर जोडीतही. पोरीच्या बाबांना मी पहिल्यांदा हेच सांगितलं होतं.

जागा

तिचे बाबा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर आहेत. जिनिंगच्या आवारात कापसाच्या गंज्या लावायला काँक्रीटचा मोठा ओटा केलेला आहे. हंगाम संपला की एप्रिलपासून थेट कोजागिरीपर्यंत तो रिकामा असतो. शेटजींनी तो वापरू दिला, अट एकच : सकाळी आठच्या आत मोकळा करायचा. उन्हाळ्यात तसंही आठनंतर तिथे उभं राहवत नाही. पारा ४४-४५ वर जातो, काँक्रीट सकाळीच तापतं. म्हणून आमची वेळ पहाटे साडेपाचची.

पोरगी येते, पायरीवर बसते, बूट उलटे करते आणि सेफ्टी पिननं बेअरिंगमध्ये गुंडाळलेली रुई काढायला लागते. ओटा कितीही झाडला तरी रुईचे तंतू राहतातच, आणि ते आत गेले की चाक ओढतं. आठही चाकं ती एकेक करून बोटानं फिरवते, कानाजवळ नेते. ज्याचा आवाज खरखरीत त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. हे मी तिला शिकवलेलं नाही. माल घ्यायच्या आधी काटा शून्यावर आहे का ते पाहायचं, ही बाबांची सवय तिच्यात उतरली असावी.

जूनपासून आम्ही डबल सॅल्कोवर लागलो होतो. डाव्या पायाच्या आतल्या कडेवरून उलटं जात उडायचं, हवेत दोन फेऱ्या घ्यायच्या आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर उलटंच उतरायचं. पाय जमीन सोडतो तिथे मी खडूनं एक खूण करायचो, उतरतो तिथे दुसरी. दोन खुणांमधलं अंतर वाढत गेलं तसा मला धीर येत गेला. रोज दहा प्रयत्न, आणि किती उभे राहिले त्याची वहीत नोंद. गणपतीपर्यंत दहातले तीन-चार. कोजागिरीच्या आठवड्यात सात, आणि दोन दिवस तर आठ.

मग सीतादही, म्हणजे वेचणीआधीची कापसाची पूजा, झाली, वेचणी लागली, दिवाळीच्या आधीच जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आणि ओटा गेला. हे दरवर्षी होतं, मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी दुसरी सोय लावून ठेवली नव्हती. चाचणी दिवाळीनंतर तिसऱ्या आठवड्यात होती. सरावासाठी उरला शाळेचा व्हरांडा : शहाबादी फरशी, सांध्यात खाचा, एका बाजूला खांब. ओट्यावर उडीआधी आठ-नऊ ढकल मिळायच्या, इथे जेमतेम चार. वहीतला आकडा सातावरून चारावर आला, एक दिवस तीनवर. पोरगी गप्प व्हायला लागली. उडी चुकली की ती पायाकडे बघायची आणि मी वहीकडे.

हिशेब

आता मुद्द्यावर येतो. चाकांवरच्या खेळाची रोलआर्ट नावाची गुणपद्धत आहे आणि तिचे आकडे वेगळे आहेत. पण घटकाची मूळ किंमत, वर तो कसा केला त्याचे अधिक-उणे गुण आणि पडल्याची वेगळी कपात, ही मांडणी बर्फावरच्या पद्धतीसारखीच आहे. बर्फावरचा तक्ता मला पाठ आहे, म्हणून घरचा हिशेब मी त्याच आकड्यांत करतो आणि इथेही तेच देतो.

२०१८ नंतरच्या बर्फावरच्या तक्त्यात सिंगल सॅल्कोचे मूळ गुण ०.४, डबल सॅल्कोचे १.३ आणि सिंगल ॲक्सेलचे १.१. प्रत्येक उडीला पंच उणे ५ ते अधिक ५ असा दर्जा देतात आणि प्रत्येक पायरीला मूळ किमतीचे दहा टक्के वाढतात किंवा कापले जातात. पडलं की सहसा उणे ५, म्हणजे निम्मी किंमत गेली. त्याशिवाय पडल्याचा एक पूर्ण गुण वेगळा कापतात.

हा एक गुण नीट पाहा. डबल सॅल्कोवर पडलं तर १.३ चे राहिले ०.६५, त्यातून एक गेला, हातात उणे ०.३५. उडी मारलीच नसती तरी परवडलं असतं. आता मोठ्यांची चौपट टो लूप घ्या. मूळ गुण ९.५. पूर्ण चार फेऱ्या घेऊन पडला तरी ४.७५ राहतात, एक गेला, उरले ३.७५. स्वच्छ तिप्पट टो लूपला मूळ ४.२ मिळतात. म्हणजे चौपटीवर पडलेला आणि तिप्पट नीट उतरवलेला यांच्यात फरक अर्ध्या गुणाहून कमी. कपात दोघांना सारखीच, पण माल छोटा असला की ती अंगावर येते.

हे न समजता आपण टीव्हीवरची उदाहरणं पोरांना देतो. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा नेथन चेन शॉर्ट प्रोग्राममध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या कार्यक्रमात, कोसळला, सतरावा होता. नंतरच्या मोठ्या कार्यक्रमात, ज्याला फ्री किंवा लाँग प्रोग्राम म्हणतात, त्यानं सहा चौपट उड्या घेतल्या, २१५.०८ गुण मिळवले, त्या भागात पहिला आला आणि एकूण पाचवा. मीही हे आमच्या पोरांना दहा वेळा सांगितलं असेल, ‘घाबरू नका’ म्हणून. पण चेनचा बाजारभाव वेगळा आहे. तिप्पट टो लूप सोडून चौपट घ्यायची, तर शंभरात आठ वेळा उतरली तरी हिशेब जुळतो. सिंगल सॅल्को सोडून डबल घ्यायची, तर शंभरात पंचेचाळीस वेळा उतरायला हवी. तेरा वर्षांच्या पोरीला जोखीम त्या बड्या खेळाडूपेक्षा महाग पडते, हे मला कागदावर मांडेपर्यंत कळलं नव्हतं.

माझ्या वहीत होतं दहात चार, म्हणजे शंभरात चाळीस. पंचेचाळीसच्या खाली. हिशेब म्हणत होता, सिंगल घे.

दुसरा प्रश्न रेघेचा : किती जणींना घेणार? चाचणीच्या पत्रात हे लिहिलेलं नव्हतं. फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, “चार-पाच घेऊ सर.” मी तेवढ्यावर समाधान मानलं. लेखी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, ही माझी चूक.

त्या मंगळवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेलो. बाबा नुकतेच काट्यावरून आले होते, केसांत रुई तशीच. मी वही उघडली आणि दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे सर, हे भावाचं काम नाही, ओलीचं हाय. बाराच्या आत बसलं त झालं.”

कापूस महामंडळाच्या खरेदीत आठ टक्क्यांच्या वर ओल गेली की भाव कापतात, बाराच्या वर गेली की माल परत. ते म्हणत होते की पात्रता म्हणजे सर्वांत चांगला माल आणणं नाही, परत न येणारा माल आणणं. मला ते इतकं पटलं की मी तिथेच ठरवून टाकलं : शॉर्ट प्रोग्राममध्ये एकट्या उडीच्या जागी डबल नको, सिंगल.

आज मागे वळून बघताना त्या उपमेतली फट दिसते. काही पात्रता खरोखर ओलीसारख्या असतात. बर्फावरच्या जागतिक स्पर्धेत उतरायला आयएसयू या आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेनं किमान तांत्रिक गुण ठरवून दिलेले असतात. शॉर्टचे एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आणि फ्रीचे दुसऱ्या स्पर्धेत मिळवले तरी चालतात. तिथे बाजूची काय करते याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही, आपली रेघ आपण गाठायची. दुसरा प्रकार ऑलिंपिकच्या शॉर्ट प्रोग्रामचा : तीसच्या आसपास खेळाडू उतरतात, चोवीस पुढे जातात. तिथे रेघ दुसऱ्यांच्या खेळावर ठरते, पण ती इतकी खाली असते की सांभाळून खेळलेला सहसा तरतो. तिसरा प्रकार आमचा. अकरातल्या पाच असत्या तर सांभाळणं शहाणपणाचं होतं. अकरातल्या तीन असतील तर वर कोणी तरी पडेल याची वाट बघत बसावं लागतं. मी मंगळवारी पाच धरून चाललो होतो.

मुलीला विचारलं, “चालेल ना?” ती म्हणाली, “तुमी म्हणता त चालीन सर.” एवढं ऐकून मी थांबायला हवं होतं. चालेल आणि तुम्ही म्हणता तर चालेल, ही दोन वेगळी उत्तरं आहेत.

शनिवार

पहाटेच्या एसटीनं नेरमार्गे अमरावतीला गेलो. हॉलची फरशी पाहून माझ्या पोटात गोळा आला. गुळगुळीत, सलग, कुठे सांधा नाही. ओट्यापेक्षाही चांगली. सरावाच्या दहा मिनिटांत पोरीनं दोन डबल सॅल्को घेतल्या, दोन्ही उभ्या. ती माझ्याकडे बघत राहिली. मी मान हलवली : नाही, ठरलंय ते ठरलंय. तेवढ्यात सूचना झाली की तीन मुली निवडल्या जातील आणि चौथी राखीव.

त्या क्षणी माझ्या हिशेबातले दोन आकडे बदलले होते. फरशी बदलली होती आणि रेघ बदलली होती. मी निर्णय बदलला नाही. ऐनवेळी पोरीला गोंधळात टाकायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. त्यात तथ्य आहे, पण तिला गोंधळात मी मंगळवारीच टाकून बसलो होतो.

ॲक्सेल चांगली झाली. जोडउडी, म्हणजे लागोपाठ घेतलेल्या दोन उड्या, झाली. मग सिंगल सॅल्को. संगीत तेच, वळण तेच, वेग तोच, जो पाच महिने तिनं डबलसाठी घोटला होता. पायांना डबल माहीत होती. ती त्याच जोरानं वर गेली, एक फेरी पूर्ण झाली आणि अंग दुसरीकडे निघालं. तिला आठवलं असावं, तिनं हात उघडले, पण उशीर झाला होता. दीड फेरीवर कुठे तरी पाय टेकला, चाक आडवं आलं आणि ती कुल्ल्यावर आपटली. सोप्या उडीवर.

लगेच उठली. स्पिन, म्हणजे जागच्या जागी गिरकी, घेतलं, पण धाप लागलेली होती. गिरकीतलं बसकं आसन येताच सुटलं. शॉर्टनंतर आठवी.

बाहेर येऊन ती रडली नाही. बूट काढताना एवढंच म्हणाली, “सर, सिंगल आपन गाण्यावर एकदाबी केली नोती.”

तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. सिंगल सॅल्को आम्ही रोज करायचो, अंग गरम करताना, हळू वेगात, संगीताशिवाय. कार्यक्रमातल्या वेगात ती तिनं कधी केलीच नव्हती. बुधवार ते शुक्रवार व्हरांड्यात चार ढकलांवर केली, तीही मोजून.

माझ्या हिशेबातली चूक इथे होती. डबलला मी दहात चार दिले. सिंगलला किती दिले? वहीत ते लिहिलेलंच नाही. मनात दहापैकी दहा धरले होते. शंभरात पंचेचाळीस हा आकडा सिंगल कधीच चुकत नाही असं धरून निघतो. सिंगलवर पडलं तर काय उरतं? ०.४ चे ०.२, वजा एक, म्हणजे उणे ०.८. डबलवर पडण्यापेक्षाही वाईट. सिंगल दहात नऊ वेळा उभी राहते असं धरून मी नंतर तोच हिशेब पुन्हा केला. मग डबल शंभरात अडतीस वेळा उतरली तरी ती सिंगलपेक्षा बरी. माझ्या वहीत होते चाळीस, आणि तेही खाचांच्या फरशीवरचे! मी पोरीचा आकडा म्हणून जे वाचत होतो तो खरं तर व्हरांड्याचा आकडा होता.

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असं नाही. १९९२ च्या अल्बर्टव्हिल ऑलिंपिकमध्ये जपानची मिदोरी इतो ही सोन्याची दावेदार होती. तिची ओळख म्हणजे तिप्पट ॲक्सेल. सरावात ती उडी नीट बसत नव्हती, म्हणून छोट्या कार्यक्रमात तिनं त्या जागी तुलनेनं सोपी तिप्पट लुट्झ ठेवली. आणि लुट्झवर पडली. चौथी गेली. मोठ्या कार्यक्रमात पहिली तिप्पट ॲक्सेल हुकली, तरी शेवटाकडे तिनं ती पुन्हा घेतली आणि उतरवली. ऑलिंपिकमध्ये तिप्पट ॲक्सेल उतरवणारी ती पहिली स्त्री ठरली आणि तिला रौप्य मिळालं. ही गोष्ट मला शनिवारच्या आधीही माहीत होती. पण मी ती आजवर हिमतीची गोष्ट म्हणूनच सांगत आलो. तिचा पहिला अर्धा भाग सावधगिरीचा आहे, त्याकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

शनिवारची रात्र

मुक्काम तिच्या मावशीकडे होता. जेवणं झाल्यावर आम्ही वही घेऊन बसलो. तिसऱ्या जागेपासून ती अडीच गुण मागे होती. आता सगळं लावून टाकावं असं मलाही वाटत होतं. तिच्या डोक्यात डबल टो लूप घोळत होती. ओट्यावर ती तिनं आठ-दहा वेळा उतरवली असेल, त्याहून जास्त नाही. ती म्हणाली, “सर, दोनी डबल टाकू. नाहीतरी आठवीच हाय.”

बाबांना फोन लावला. त्यांना गुणांचं काही विचारलं नाही, फक्त पोरीशी बोला म्हटलं. फोन स्पीकरवर होता. ते तिला म्हणाले, “सगळं वावर कोनी धूळपेरणीत टाकते काय बाप्पा? एखाद-दोन एकर टाकते. पानी आलं त साधलं, नाही आलं त बाकीचं बी घरात हाय ना.”

पाऊस यायच्या आधी कोरड्या मातीत सरकी टोबणारे कास्तकार आमच्याकडे आहेत. साधलं तर पीक पंधरा दिवस पुढे असतं, फसलं तर दुबार पेरणी. पण बियाण्याची पिशवी कोणी पूर्ण रिकामी करत नाही. पोरीनं हे लहानपणापासून पाहिलेलं आहे. मला जे अर्धा तास समजावता आलं नसतं ते तिला एका वाक्यात कळलं.

मग आम्ही असं ठरवलं. डबल टो लूप नाही. सुरुवातीला, पाय ताजे असताना, डबल सॅल्को. ती उभी राहिली तर पुढच्या जोडउडीतही डबल सॅल्को आणि पुढे सिंगल टो लूप. पडली तर जोडउडीत सिंगल ॲक्सेल आणि टो लूप. ॲक्सेल ती झोपेतही घेते, आणि गाण्यावर शेकडो वेळा घेतलेली आहे. कोणती घ्यायची ते ती स्वतः ठरवणार, मी बाहेरून खूण करणार नाही. दोन्ही वाटा तिनं मावशीच्या अंगणात चपला घालून, गाणं लावून चालून पाहिल्या. चार वेळा अशी, चार वेळा तशी.

याच वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला अजून सलते. बर्फावरच्या तक्त्यात पाय बदलून केलेल्या मिश्र (एकाहून जास्त आसनांच्या) स्पिनला पहिल्या पातळीला २.०, दुसरीला २.५, तिसरीला ३.० आणि चौथीला ३.५ गुण आहेत. म्हणजे दर पातळीला अर्धा गुण. सिंगलची डबल करून मिळणारे ०.९, पण त्यात आपटण्याची भीती. स्पिनची एक पातळी वाढवण्यात ती भीती जवळपास नाहीच. त्यासाठी आसन नीट धरायचं : बर्फाच्या नियमात प्रत्येक आसनात किमान दोन सलग फेऱ्या व्हाव्या लागतात, नाहीतर ते आसन धरतच नाहीत. तिचं बसकं आसन दीड फेरीत सुटायचं. अर्ध्या फेरीचं काम होतं. आणि स्पिनला जागा किती लागते? दहा बाय दहा फूट. व्हरांड्यात ती जागा होती! तीन आठवडे आम्ही खाचांच्या फरशीवर डबल घोटत, पडत आणि हिरमुसत बसलो. तेवढ्याच वेळात, त्याच फरशीवर, एक सलग शहाबादी निवडून बसकं आसन पक्कं झालं असतं. नसलेल्या ओट्याचा शोक करताना असलेल्या फरशीवर काय होऊ शकतं ते मी पाहिलंच नाही.

२०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये इव्हान लायसॅचेकनं एकही चौपट उडी न घेता २५७.६७ गुणांनी सोनं जिंकलं. चौपट उडी घेणारा येवगेनी प्लुशेंको २५६.३६ वर राहिला. त्यावर खूप वाद झाले, अजूनही होतात. मला त्या निकालात एवढंच दिसतं की लायसॅचेकनं चौपट सोडली तेव्हा ती जागा बाकी सगळं काटेकोर करून भरली. मी डबल काढली आणि त्या जागी काहीच ठेवलं नाही.

रविवार

लाँग प्रोग्राम. पहिली डबल सॅल्को उभी राहिली. उतरल्यावर पाय लांब सरकला, तिचे खांदे खाली आले, आणि इतक्या लांबूनही मला तिचा श्वास सुटलेला दिसला. जोडउडीच्या वळणावर ती येत होती तेव्हा मी नजर बुटांवर ठेवली. माझा चेहरा बघून तिनं काही ठरवू नये म्हणून. तिनं डबल घेतली. जड उतरली, गुडघा खोल गेला, पण पाय सोडला नाही आणि लगेच टो लूप जोडली. बसक्या आसनाच्या फेऱ्या मी मोजल्या : एक, दोन, आणि थोडी वर. रात्री आम्ही फक्त बोललो होतो त्याबद्दल.

त्या दिवसाच्या गुणांत ती दुसरी आली. एकूण चौथी. तिसरीपासून ०.७ मागे. शनिवारच्या पडण्याचा एकच गुण कापलेला नसता तर ती तिसरी होती, उडीचे गुण बाजूला ठेवले तरी.

परतीच्या एसटीत तिनं कागदावर ती वजाबाकी स्वतः केली आणि माझ्याकडे दिली. काही बोलली नाही. मी तिची माफी मागितली. उडी बदलल्याची नाही. चार ढकलांच्या व्हरांड्यावरचा आकडा बघून कोणीही तेच केलं असतं. मागितली ती बदललेली उडी तिच्या पायांत उतरवायला वेळ न दिल्याची, आणि तिचं “तुमी म्हणता त” हे होकार म्हणून घेतल्याची. ती खिडकीबाहेर बघत राहिली. नेरला बस थांबली तेव्हा म्हणाली, “रबडी घ्याल काय सर?”

नंतर

तिला राखीव म्हणून पत्र आलं. पुढे बोलावणं आलं नाही.

वहीत आता प्रत्येक जागेला दोन रकाने आहेत. अ म्हणजे मोठी उडी, ब म्हणजे तिच्या जागी येणारी. दोन्ही गाण्यावर, पूर्ण वेगात, आणि दोन्हींची मोजणी. ब चा आकडा दहात नऊच्या खाली असेल तर तिला सोपी उडी म्हणायचं नाही, असं पोरीनंच पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे. फरशी कोणती होती तेही रोज लिहितो : ओटा, व्हरांडा की हॉल. चाचणीचं पत्र आलं की किती जागा आहेत ते लेखी विचारतो आणि उत्तर येईपर्यंत कार्यक्रम पक्का करत नाही. दिवाळी ते मार्च व्हरांड्यात फक्त स्पिन आणि पावलं. बसकं आसन आता चार फेऱ्या टिकतं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जिनिंग बंद झालं. बाबांनी आणि दोन हमालांनी ओटा धुऊन दिला, तरी कोपऱ्यात सरकी उरलीच होती, चाकाखाली आली की टचकन फुटायची. पोरीनं पायरीवर बसून बेअरिंगमधली रुई काढली. मी खडू घेऊन उभा होतो. गाणं लागलं, ती पूर्ण वेगात आली आणि तिनं सिंगल सॅल्को घेतली. मग दुसरी, तिसरी. एक फेरी, हात उघडे, पाय लांब. वहीत रेघा ओढत गेलो.

मग ती माझ्याजवळ येऊन थांबली, घाम पुसला.

“सर, सिंगल धा झाल्या. दहाच्या दहा. आता डबल?”